गॅप इयरमध्ये परदेशी विमानतळावर काम: व्हिसा, पास आणि कागदपत्रं

व्हिसा हातात पडला की काम झालं, असं बहुतेकांना वाटतं. विमानतळाच्या कामात खरी चाळणी त्यानंतर लागते. विमानं उभी असतात त्या बाजूला, म्हणजे एअरसाइडला, पासशिवाय पाऊल टाकता येत नाही. हा पास देताना अनेक देशांत मागची पाच वर्षं तपासली जातात, आणि नेमकी तिथेच तुमची गॅप, म्हणजे शिक्षण-नोकरीतला मोकळा काळ, आडवी येते. म्हणून आधी तारखांचा हिशोब, मग तिकीट.

थोड्या मुदतीची कामं बहुतेक जमिनीवरची असतात: सामान चढवणं-उतरवणं, चेक-इन, विमानाची सफाई. विमान कंपन्यांचं उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतं आणि ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत चालतं. युरोपात भरती त्याच्या बरीच आधी होते. जूनमध्ये विचारपूस करणाऱ्याला फार तर कोणी सोडून गेलेल्याची जागा मिळते.

व्हिसा पर्यटनाचा असेल तर पगारी काम विसरा. ‘पगार नको, नुसती राहायची सोय करा’ हासुद्धा अनेक देशांत कामाचाच प्रकार धरला जातो. गॅप इयरसाठी सोयीचा म्हणजे फिरता फिरता काम करू देणारा वर्किंग हॉलिडे व्हिसा, पण तो कोणाला मिळणार हे पासपोर्टवर ठरतं. ऑस्ट्रेलियाचंच बघा. तिथे 417 आणि 462 असे दोन प्रकार आहेत आणि दोन्हींच्या देशांच्या याद्या वेगळ्या. 462 साठी वय 18 ते 30 लागतं, खात्यात सुमारे 5,000 ऑस्ट्रेलियन डॉलर दाखवावे लागतात, शिवाय बहुतेक देशांच्या अर्जदारांना उच्च शिक्षणाचा आणि इंग्रजीचा पुरावा द्यावा लागतो. चीन, व्हिएतनाम आणि भारत या देशांच्या अर्जदारांची पहिल्या व्हिसासाठी आधी सोडत निघते. नाव लागलं तरच अर्ज करता येतो. एका मालकाकडे साधारण सहा महिनेच काम करता येतं, हेही लक्षात ठेवा.

आता पास. ऑस्ट्रेलियात त्याला एसिक म्हणतात. तो हौसेने काढून ठेवता येत नाही, कामासाठी गरज असल्याचं दाखवावं लागतं. गुन्हेगारी नोंदी, सुरक्षा आणि परदेशी नागरिकाचा व्हिसा असं सगळं तपासलं जातं. पास हाती येईपर्यंत पाहुण्यांच्या कार्डावर, एसिकधारकाच्या देखरेखीखाली आत जाता येतं, पण तेही एका विमानतळावर बारा महिन्यांत 28 दिवसच.

ब्रिटनमध्ये पाच वर्षांचा इतिहास सलग मांडावा लागतो, आणि 28 दिवसांपेक्षा मोठा खंड पुराव्यानिशी भरून काढावा लागतो. समजा, 10 मार्चला नोकरी सोडली आणि 2 जूनला पुढचा कोर्स सुरू झाला. मधले बारा आठवडे ‘घरी होतो’ एवढं लिहून भागत नाही. त्या काळात तुम्ही कुठे होता, हे सांगणारी ओळखीची, पण नात्यातली नसलेली व्यक्ती लागते. फिरत असाल तर पासपोर्टवरचे शिक्के आणि तिकिटं उपयोगी पडतात. मागच्या पाच वर्षांत एखाद्या परदेशात सलग सहा महिने किंवा जास्त राहिला असाल, तर तिथलं पोलीस प्रमाणपत्रही आणावं लागतं. तो देश सोडून आल्यावर हे काम फार रेंगाळतं, तेव्हा तिथून निघण्यापूर्वीच चौकशी केलेली बरी.

एवढा खटाटोप नको असेल तर हॉट एअर बलूनच्या जमिनीवरच्या टोळीत किंवा स्कायडायव्हिंगच्या छोट्या धावपट्टीवर बघा. अशा बऱ्याच ठिकाणी मोठ्या विमानतळासारखा पास लागत नाही. बलूनचं काम पहाटेच्या अंधारात सुरू होतं आणि त्यात ओझी उचलणं पुष्कळ असतं. एवढं सोसत असेल तर मला हा पर्याय जास्त पटतो.

वैमानिकाचं लायसन्स असणाऱ्यांनी एक नियम पक्का ध्यानात ठेवावा. आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीच्या शिकागो कराराच्या कलम 32 नुसार विमान ज्या देशात नोंदलेलं, त्या देशाने दिलेलं किंवा मान्य केलेलं लायसन्स लागतं. अमेरिकेत परदेशी लायसन्सच्या आधारावर मिळणारं प्रमाणपत्र खासगी वैमानिकाचं असतं. त्यावर पैसे घेऊन उडवता येत नाही. वैमानिकांच्या इंग्रजी चाचणीत पातळी चार असेल तर ती साधारण दर तीन वर्षांनी पुन्हा तपासून घ्यावी लागते. मेडिकलची, म्हणजे वैद्यकीय प्रमाणपत्राची, मुदतही बघून ठेवा.

अर्जाच्या फाइलमध्ये पासपोर्ट, जन्मदाखला, शिक्षणाची प्रमाणपत्रं, बँकेचं स्टेटमेंट, पोलीस प्रमाणपत्र आणि आधीच्या प्रत्येक मालकाचं पत्र हवं. नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच असू द्या. तसं नसेल तर नावबदलाचा पुरावा जोडा. काही देश ॲपोस्टिल, म्हणजे कागदपत्र खरं असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का, मागतात, भाषांतर मागतात. ते आधी विचारून घ्या. आणि नोकरी लावून देतो म्हणून कोणी आगाऊ रक्कम मागितली तर तिथूनच परत फिरा.

काम संपलं की पास परत करावा लागतो. निघताना मालकाकडून सुरुवातीची आणि शेवटची नेमकी तारीख लिहिलेलं पत्र मागून घ्या. नुसतं ‘उन्हाळ्यात काम केलं’ असं लिहिलेलं पत्र पुढच्या विमानतळावर चालत नाही, तारखाच लागतात.