कूटचलन खननातील ऊर्जावापर

बिटकॉइनसारख्या कूटचलनाच्या नोंदवहीत नवा ब्लॉक (व्यवहारांचा गठ्ठा) जोडण्याचा हक्क मिळवण्यासाठी संगणकांत चालणारी गणनस्पर्धा म्हणजे खनन (मायनिंग). तिला लागणारी वीज, त्या विजेमुळे होणारे उत्सर्जन आणि निकामी यंत्रांचा कचरा हे या नोंदीचे विषय आहेत.

खर्चिक गणनेचा पुरावा मागण्याची कल्पना बिटकॉइनपेक्षा जुनी आहे. सिंथिया ड्वर्क व मोनी नाओर यांनी साधारणपणे १९९२ मध्ये अनाहूत ई-मेलला आळा घालण्यासाठी ती मांडली. ॲडम बॅक यांची ‘हॅशकॅश’ ही त्याच हेतूची योजना १९९७ची, तर अशा पुराव्यासाठी ‘प्रूफ ऑफ वर्क’ ही संज्ञा १९९९च्या सुमारास रूढ झाली. ड्वर्क-नाओर यांना आद्य प्रवर्तक मानण्याचा प्रघात आहे. पण सातोशी नाकामोतो या टोपणनावाने २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, बिटकॉइन मांडणाऱ्या निबंधाच्या संदर्भसूचीत यांपैकी केवळ बॅक यांचे नाव आढळते. त्यामुळे बिटकॉइनचा थेट वारसा हॅशकॅशकडून आला असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

खननात एसएचए-२५६ हे फलन (कोणत्याही माहितीचे ठरावीक लांबीच्या संख्येत रूपांतर करणारे सूत्र) दोनदा लावून उत्तर ठरावीक मर्यादेखाली येईपर्यंत शोध घेतात; हेच खननाचे कोडे. ब्लॉक सरासरी दहा मिनिटांनी सापडावा म्हणून दर २,०१६ ब्लॉकनंतर कोड्याची काठिण्यपातळी बदलते. परिणामी यंत्रे कितीही कार्यक्षम झाली तरी वीज आपोआप वाचत नाही. तेवढ्याच विजेत अधिक गणना होते आणि काठिण्य वाढते. वीजखर्चाची कमाल मर्यादा खाणकऱ्यांच्या उत्पन्नावरून, म्हणजे मुख्यतः नाण्याचा भाव आणि ब्लॉकमागील बक्षीस यांवरून ठरते. हे बक्षीस आरंभी ५० बिटकॉइन होते. एप्रिल २०२४ पासून ते ३.१२५ आहे. व्यवहारांची संख्या वाढली म्हणून वीज त्या प्रमाणात वाढत नाही. म्हणूनच ‘एका व्यवहारामागे इतके युनिट’ हा वारंवार उद्धृत होणारा आकडा दिशाभूल करणारा आहे.

एकूण वापर कोणी मीटरवर मोजलेला नाही. उपलब्ध आकडे अनुमानित आहेत. संशोधक ॲलेक्स डी व्रीस यांची पद्धत खाणकऱ्यांच्या उत्पन्नाचा किती हिस्सा विजेवर जातो या गृहीतकावर उभी आहे. केंब्रिज विद्यापीठाचा २०१९ पासूनचा निर्देशांक बिटकॉइन जाळ्याची (त्यात जोडलेल्या सर्व संगणकांची) एकूण गणनक्षमता आणि त्या वेळी किफायतशीर ठरणारी यंत्रे यांवरून खालची व वरची मर्यादा काढतो. २०२३ मध्ये केंब्रिजने पद्धत सुधारली, तेव्हा २०२१चा अंदाज १०४ वरून ८९ टेरावॅट-तासांवर आला (१ टेरावॅट-तास म्हणजे १ अब्ज युनिट). गृहीतके उघड मांडून चूक दुरुस्त करणारी ही पद्धत अधिक विश्वसनीय वाटते. केंब्रिजच्याच २०२५च्या अहवालात वार्षिक वापर सुमारे १३८ टेरावॅट-तास आणि उत्सर्जन सुमारे ३ कोटी ९८ लाख टन कार्बन डायऑक्साइडइतके धरले आहे. मात्र त्यातील वीजस्रोतांची माहिती खाण कंपन्यांनीच सर्वेक्षणात दिलेली आहे, हे विसरू नये. केवळ बिटकॉइनमुळे तापमानवाढ २ अंशांपलीकडे जाईल, हे २०१८ मधील भाकीत तोट्यातील जुनी यंत्रेही चालू धरल्यामुळे टिकले नाही. पण म्हणून प्रश्न किरकोळ ठरत नाही: मध्यम आकाराच्या देशाइतकी वीज इथे खर्च होते.

उत्सर्जन स्थळानुसार बदलते. चीनमधील खाणकरी पावसाळ्यात सिच्वानच्या जलविद्युतीकडे, कोरड्या ऋतूत शिंच्यांगच्या कोळसा-विजेकडे वळत. २०२१ मधील चिनी बंदीनंतर यंत्रे अमेरिका व कझाकस्तानकडे गेली. कझाकस्तानची वीज मुख्यतः कोळशाची असल्याने बंदीनंतर, निदान काही काळ, उत्सर्जन-तीव्रता (दर युनिट विजेमागील उत्सर्जन) वाढली असे दिसते. तेथे वीजटंचाईही जाणवली.

ऊर्जाखर्च अटळ नाही, याचा पुरावा इथेरियम या दुसऱ्या कूटचलनाने दिला. १५ सप्टेंबर २०२२ रोजी हे जाळे ‘प्रूफ ऑफ स्टेक’कडे (गणनस्पर्धेऐवजी नाणी ठेव ठेवणाऱ्यांना ब्लॉक जोडण्याचा हक्क देणाऱ्या पद्धतीकडे) वळले आणि त्याचा वीजवापर ९९.९ टक्क्यांहून अधिक घटला. ठेव ठेवणाऱ्यांकडे सत्ता एकवटेल, हा या पद्धतीवरील मुख्य आक्षेप होय.

खननाची एएसआयसी यंत्रे (एकाच कामासाठी घडवलेल्या चिपची यंत्रे) दुसऱ्या कामास येत नाहीत. डी व्रीस व स्टॉल यांनी २०२१ मध्ये त्यांचे सरासरी आयुष्य १.२९ वर्षे आणि वार्षिक कचरा सुमारे ३०.७ हजार टन असा अंदाज केला. आयुष्याचा हा आकडा कमी धरल्याची टीका झाली आहे. शीतनासाठी लागणारे पाणी आणि पंख्यांचा अखंड आवाज यांचा त्रास खाणींशेजारच्या रहिवाशांना होतो. त्यावरील अभ्यास तुरळक आहेत.