पावसाळ्यात घरातल्या अवजारांना धरणारा गंज (कोकण)

जून ते सप्टेंबर या काळात कोकणातल्या घरात कोयता, विळी, पक्कड, पाने, करवत, पटाशी, रंध्याचं पातं अशा लोखंडी अवजारांना जो गंज धरतो तो, आणि तो धरू नये म्हणून काय करतात, याची ही नोंद. बाहेर भिजलेलं अवजार गंजलं तर त्यात नवल काही नाही, पण माळ्यावर किंवा पत्र्याच्या पेटीत ठेवलेलं, ज्याला पावसाचा थेंब पण लागलेला नाही, तेही गणपतीला बाहेर काढावं तर लालभडक झालेलं असतं.

लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन तिन्ही एकत्र आले की गंज होतो, पण पाणी दिसायलाच हवं असं नाही. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या पुढे गेली की लोखंडावर पाण्याचा डोळ्यांना न दिसणारा थर बसतो आणि तेवढा पुरतो, हे ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ व्हर्नन यांनी १९३०च्या दशकात प्रयोग करून दाखवलं. कोकणात जुलैमध्ये आर्द्रता ८५-९० टक्के असते म्हणजे चार महिने ही रेषा ओलांडलेलीच. त्यात खारं वारं. मीठ ७५ टक्के आर्द्रतेच्या वर हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं (बरणीतलं मीठ पाझरतं ते यामुळेच), आणि समुद्राच्या मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांपासूनच ओलं व्हायला लागतं, त्यामुळे गुहागर-मालवणच्या किनाऱ्यालगतच्या घरातली पक्कड वरच्या गावातल्या पक्कडीपेक्षा आधी गंजते. बरं, ॲल्युमिनियमवर जो थर बसतो तो घट्ट असतो आणि आतल्या धातूला झाकतो, गंज तसा नाही, तो भुसभुशीत असतो, आत पाणी जातच राहतं, आणि मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून पक्कडीचा सांधा जाम होतो आणि नटबोल्ट एकमेकांत अडकून बसतात.

दुसरं कारण दवाचं. रात्रभर गार झालेल्या लोखंडाला सकाळी दमट गरम हवा लागली की त्याला घाम फुटतो, आणि पहार, घण, व्हाइस (वस्तू घट्ट पकडून धरणारा शिकंजा) अशा जड वस्तू तापायला वेळ घेतात म्हणून त्यांना जास्त. कोब्याच्या जमिनीवर किंवा बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवलेल्याचंही तेच.

लोक मोठ्या काळजीनं अवजार गोणपाटात किंवा पेपरात गुंडाळतात, पण या दोन्ही गोष्टी ओल धरून ठेवतात आणि ती चोवीस तास लोखंडाला चिकटवून ठेवतात. चामड्याचं म्यान आणि पेटीत खाली घातलेला स्पंज हेही त्यातलेच. नवीन प्लायवूड किंवा एमडीएफच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीच्या) बंद ड्रॉवरमध्ये तर आणखी एक भानगड, त्यातून ॲसिडची वाफ हळूहळू सुटते आणि चांगल्या पटाशीवर ठिपके पडतात, लोक मात्र पटाशीच्या पोलादाला शिव्या घालतात.

उपाय म्हटलं की सगळे आधी तेलाकडे धावतात, पण तेल दुसरं, आधी कोरडं करणं. ओल्या किंवा घामट हातानं धरलेल्या पात्यावर तेल लावलं तर पाणी आणि घामातलं मीठ दोन्ही तेलाखाली राहतं आणि बोटांचे ठसे जसेच्या तसे गंजून उमटतात. म्हणून आधी सुक्या फडक्यानं पुसायचं, थोडं उन्हात नाहीतर चुलीजवळ धरायचं आणि मग तेल. तेलात शिलाई मशीनचं तेल घरी पटकन सापडतं आणि ते चांगलं चालतं. शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेल नको, ते काही दिवसांत चिकट होतं आणि त्यावर धूळ बसते. खोबरेल तसं घट्ट चिकट होत नाही, त्यामुळे विळी-कोयत्याला तेच बरं, शिवाय फणस चिरताना चीक चिकटू नये म्हणून ते पात्याला लावलेलं असतंच. गाडीचं जळकं ऑईल बरेच जण फुकट मिळतं म्हणून फासतात, त्यात ॲसिड असतं आणि ते कातडीलाही वाईट, तेव्हा निदान हातात धरायच्या अवजाराला तरी लावू नये. डब्ल्यूडी-४० हा डब्यातला फवारा मुळात पाणी हटवायला बनवलेला आहे, अडकलेला सांधा सोडवायला झकास, पण त्याचा थर पातळ, अख्खा पावसाळा त्याच्या भरवशावर काढू नये. लाकडाला लागणाऱ्या रंध्याच्या तळाला तेलाऐवजी मेण घासतात, म्हणजे लाकडावर डाग पडत नाहीत.

हवेचं बघायचं तर जुना उपाय चुलीच्या वरच्या फळीवर ठेवायचा, तिथली हवा गरम आणि कोरडी. कपाटात जुना पिवळा बल्ब लावायचे तेही याच तत्त्वावर, २८ अंशाची ९० टक्के दमट हवा ३५ अंशापर्यंत तापवली की पाणी तेवढंच राहून आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास येते. एलईडी एवढी तापत नाही त्यामुळे तिचा उपयोग नाही, आणि खऱ्या बल्बजवळ कापड-कागद ठेवायचा नाही हे वेगळं सांगायला नको. सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे, पुड्यांत मिळतात) फक्त घट्ट झाकणाच्या डब्यात चालतं, उघड्या कपाटात दोन पुड्या टाकल्या तर त्या बाहेरच्या पावसाळ्याशी लढत बसतात. निळे दाणे गुलाबी झाले की भरले, गरम करून परत वापरता येतात, पण त्यांच्यात कोबाल्ट असतं, स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नयेत. आणि डबा घट्ट बंद करायचाच असेल तर कोरड्या दिवशी, नाहीतर आपण जुलैची हवाच आत कोंडतो.

गंज धरलाच तर वरवरचा असेल तोवर पॉलिश पेपरनं निघतो. जास्त असेल तर व्हिनेगर किंवा चिंचेच्या कोळात रात्रभर बुडवून सकाळी तारेच्या ब्रशनं घासायचं, खायच्या सोड्याच्या पाण्यातून काढायचं, लगेच पुसायचं आणि तिथल्या तिथे तेल लावायचं. चहा पिऊन येऊन लावू म्हटलं तर तेवढ्यात उघड्या पडलेल्या लोखंडावर पिवळट छटा येऊन बसते. खड्डे पडलेलं पातं मात्र सहाणेवर कितीही घासलं तरी धारेच्या कडेला खड्डा आला की तिथे धार टिकत नाही, अशा पटाशीचा रंगाचे डबे उघडायलाच उपयोग.