फोर बाय फोरला जॅक घ्यायचाय? आधी टेप घेऊन गाडीखाली वाका

पावसाळा तोंडावर आला की दुकानात गिऱ्हाईक येतं आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "मालक, जरा मजबूत जॅक द्या, दहा टनाचा असला तरी चालेल." त्यांना प्रत्येकाला जे तोंडी सांगतो तेच इथं छापलंय, घेऊन जावा, गाडीच्या डॅशबोर्डात ठेवा.

दहा टन कशाला वो? थार किंवा गुरखा भरून धरली तरी दोन-तीन टनाच्या आसपास, जिम्नी तर दीड टनाच्या आसपासच, आणि उचलायचं असतं एक चाक, अख्खी गाडी नव्हे. जिम्नीला दोन टनाचा, थार-बोलेरो-गुरखाला तीन टनाचा बास झाला. टन वाढला की जॅक जड होतो आणि बऱ्याचदा उंचपण होतो, आणि खरी अडचण तिथंच येते.

गाडीत हवा असताना अ‍ॅक्सलखाली भरपूर जागा दिसते, पण पंक्चर झाल्यावर गाडी त्या चाकावर आठ-दहा सेंटीमीटर खाली बसते. बॉटल जॅक (बाटलीसारखा उभा, तेलावर चालणारा) बंद असताना साधारण 18 ते 20 सेंटीमीटर उंच असतो. मग बेळगाव-चोर्ला रस्त्याला कणकुंबीच्या अलीकडे धुक्यात, पावसात, हातात जॅक आणि तो आत जाईना, अशी गत होते, आमचीच एकदा झालीय, शेवटी गुडघ्यावर बसून पान्यानं माती उकरली. म्हणून घरी सपाट जागेवर एका चाकाची हवा पूर्ण सोडा, जिथं जॅक लावणार तिथली उंची टेपनं मोजा आणि तो आकडा घेऊन या. किंवा गाडीच घेऊन या, आम्ही हवा सोडतो, मोजतो, परत भरून देतो, त्याचे पैसे घेत नाही.

आता लावायचा कुठं. मागं जिथं अखंड अ‍ॅक्सल आहे (म्हणजे दोन्ही चाकं एकाच सलग नळीनं जोडलेली; थार, बोलेरो, गुरखा तिन्हीला मागं, जिम्नीला पुढंमागं दोन्हीकडं) तिथं अ‍ॅक्सलच्या नळीखाली, चाकाच्या जवळ लावा, मधल्या गोल डिफरन्शियलच्या (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या) डब्याखाली नको. अ‍ॅक्सल उचलला की चाक लगेच वर येतं. तेच चासीला लावलात तर गाडी वर जाते पण स्प्रिंग सुटत जातो आणि चाक खालीच लोंबत राहतं, जॅक संपतो तरी टायर जमिनीवरच. थार-गुरखाला पुढं अखंड अ‍ॅक्सल नाही, तिथं मॅन्युअलमध्ये जो पॉइंट दाखवलाय तोच धरा, अंदाजानं कुठंही लावू नका. मोठे टायर घातले असतील किंवा सस्पेन्शन बदलून गाडी उंच करून घेतली असेल तर कंपनीचा जॅक पुरेल असं गृहीत धरू नका, परत मोजा.

गाडीबरोबर येणारा कात्री जॅक वाईट नाही, हायवेला डांबरावर चालतो. पण त्याचं बूड बारीक, चिखलात रुततो. आमचं मत विचाराल तर बॉटल जॅक आणि खाली फळी, एवढ्यात आपल्याकडचं नव्वद टक्के काम होतं. ट्रॉली जॅक मस्त, पण तो घरी शेडात, गाडीत वागवायचा नाही. उंच फार्म जॅक लोकांना फोटोत आवडतो. तो लोखंडी बंपर किंवा मजबूत साइड स्लायडर (दाराखालचा लोखंडी पाइप) असेल तरच घ्या, प्लास्टिकच्या बंपरला लावायचा नाही, आणि दांडा सटकला की सरळ जबड्यावर येतो. हवा भरून फुगवायचा पिशवीचा जॅक मऊ मातीत कामाचा, पण काटा, टोकदार दगड सांभाळावा लागतो.

फळीचं मात्र मनावर घ्या. खानापूर-जांबोटीकडं लोक जॅकखाली जांभ्याचा चिरा ठेवतात, भिजलेला चिरा वजन आलं की भुगा होतो. वीटपण नको, फरशीपण नको, ती तडकते. निपाणी-चिकोडीची काळी माती पावसात तर विचारूच नका. एक फूट बाय एक फूट, दीड इंच जाडीची लाकडी फळी, नाहीतर जाड प्लायचे दोन तुकडे स्क्रूनं जोडलेले. तेवढं सुताराकडं तुकड्यात मिळतं, आमच्याकडून घ्या असं नाही.

आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. टू व्हील ड्राइव्हमध्ये गिअर टाकून मागचं चाक उचललं तर गिअर गाडी धरत नाही, डिफरन्शियलमुळं उचललेलं चाक उलटं फिरतं आणि दुसरं मोकळं राहतं, सगळा भार एकट्या हँडब्रेकवर, आणि चिखल-पाण्यातनं आलेला हँडब्रेक किती धरतो ते तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणून आधी फोर हायमध्ये (4H, चारी चाकांना ताकद) टाका, गाडी हातभर सरकवा म्हणजे नीट बसतं, मग इंजिन बंद करून पहिल्या गिअरला किंवा ऑटोमॅटिक असेल तर पीला (पार्क) ठेवा, हँडब्रेक ओढा. थारवाल्यांनी टू व्हील-फोर व्हील बदलायचा छोटा दांडा न्यूट्रलला राहिला नाही ना हे बघाच, तो तिथं असला तर गिअर-पी काही उपयोगाचा नाही. आणि उचलायच्या चाकाच्या तिरक्या समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला दोन्हीकडनं उटी (दगड किंवा ठोकळा) लावा. चोर्ला घाटाच्या उतारावर असाल तर जरा पुढं सपाटीला न्या, टायर गेला तर गेला.

नट चाक जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा. उचलल्यावर स्टेपनी गाडीखाली आडवी सरकवा, जॅक सटकलाच तर गाडी तिच्यावर बसेल, तुमच्यावर नाही. नुसत्या जॅकवर गाडीखाली घुसायचं नाही, स्टँड (गाडीखाली ठेवायचा लोखंडी टेकू) लावल्याशिवाय मुळीच नाही.

बॉटल जॅक उभाच ठेवा, आडवा पडून राहिला की तेल गळतं, हवा शिरते, मग पंप मारला तरी उचलत नाही. तसं झालं तर जॅक खाली सोडायचा व्हॉल्व्ह सैल करून दहाएक वेळा रिकामा पंप मारा, मग घट्ट करा. तेल कमी असेल तर हायड्रॉलिक तेलच घाला, ब्रेक ऑइल घातलंत तर सील फुगून गेलं समजा. सील गेलं तरी जॅक टाकून देऊ नका, बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिकचं काम करणारे चिक्कार आहेत, आम्ही बदलून आणून देतो.

जॅक नेल्यावर पहिल्या रविवारी अंगणात एकदा चाक काढून घाला, घरातल्या दुसऱ्या चालवणाऱ्यालापण करायला लावा. दांडा आखूड पडतो का, पाना नटाला बसतो का, हे तिथंच कळतं, आणि नाही जमलं तर सोमवारी बदलून घेऊन जावा.