नजरेचा अंदाज आणि पिशवीवरची रेघ

बाळ रडलं, नाळ कापली, सगळे सुटकेचा श्वास सोडतात. घात होतो तो नेमका इथेच. वार पडल्यावर गर्भाशय आकसलं नाही तर रक्त थांबत नाही. धो धो वाहिलं तर कुणालाही दिसतं. संथ पाझरणारं मात्र कापसात जिरतं, गर्भजलात मिसळतं. केसपेपरवर मग लिहिलं जातं, 'रक्तस्राव साधारण'.

हे 'साधारण' म्हणजे किती, ते बेळगावात मोजलं गेलं. इथल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांनी अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर एक साधी प्लॅस्टिकची चादर वापरून पाहिली. ती बाळंतिणीच्या कमरेखाली सरकवायची. तिचं टोक नरसाळ्यासारखं निमुळतं होत पिशवीत उतरतं आणि पिशवीवर मिलिलिटरच्या रेघा असतात. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत नजरेचा अंदाज पिशवीतल्या मापापेक्षा सुमारे 33 टक्क्यांनी कमी भरला. म्हणजे नर्स 350 म्हणाली, तर 500 ची धोक्याची रेघ बहुधा केव्हाच ओलांडलेली!

आमच्या सीमाभागात या रेघेचा आणखी एक उपयोग मला दिसतो. विजापूरकडून बदलून आलेल्या नर्सला खानापूरच्या बाईचं 'डोळ्यांपुढं अंधारी आल्या' कळेलच असं नाही; आकडा दोघींनाही कळतो. शिवाय 'जास्त वाटतंय' एवढ्यावर रात्री तीनला डॉक्टरांना उठवायला नर्स कचरते. '500 झालंय' म्हटल्यावर 'बघू सकाळी' म्हणणं डॉक्टरांनाच जड जातं.

अशीच चादर पुढे केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या 80 रुग्णालयांतल्या चाचणीत वापरली गेली. 2023 च्या निकालानुसार नव्या पद्धतीत 93 टक्के अतिरक्तस्राव वेळेत ओळखले गेले, नेहमीच्या पद्धतीत 51 टक्के. गंभीर रक्तस्राव, त्यासाठीची पोटाची शस्त्रक्रिया किंवा मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण 4.3 वरून 1.6 टक्क्यांवर आलं. पण तिथे नुसत्या चादरी वाटल्या नव्हत्या. रेघ गाठताच गर्भाशय चोळणं, आकसण्याचं औषध, रक्ताची गुठळी टिकवणारं ट्रॅनेक्झॅमिक आम्ल, सलाईन, तपासणी हे सगळं एकापाठोपाठ न थांबता करायचं, आणि त्याचं सामान एकाच ट्रॉलीत हाताशी ठेवायचं.

मी पाहिलेल्या एका दवाखान्यात रक्तस्राव थांबवायचं इंजेक्शन होतं, कपाटात, कुलूप लावून. किल्ली फार्मासिस्टकडे, आणि तो संध्याकाळी साडेपाचच्या बसने गावी जायचा.