बाळ रडलं की पनीर

सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं, सूनबाई माहेरी जातात, माळ्यावरचा पाळणा खाली येतो, जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवली जातात. या सगळ्या धावपळीत घरातल्या कुत्र्याची आठवण बहुधा शेवटी होते आणि तीही एकाच प्रश्नापुरती: आता याला ठेवायचं कुठे? मग गावाकडचं शेत, एखादा लांबचा भाऊबंद, ओळखीतलं कुणीतरी अशी नावं निघतात. पाच-सहा वर्षं माणसांत वाढलेल्या कुत्र्याला असं सोडून देणं मला फार क्रूर वाटतं. उपासमार होईल अशा अवस्थेत जनावर टाकून देणं हा तर १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हाच आहे. बहुतेक घरांत ही वेळ येण्याचं कारणही नसतं. बाळ म्हणजे काय, हे कुत्र्याला शिकवावं लागतं, आणि शिकवायला हाताशी चांगले चार-पाच महिने असतात.

बाळ हे माणसाचंच पिल्लू आहे, ते कुत्र्याला आपोआप कळेल, असं आपण गृहीत धरतो. अमेरिकेत मेन राज्यातल्या जॅक्सन लॅबोरेटरीत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी कुत्र्यांच्या वाढीचा अनेक वर्षं अभ्यास केला आणि १९६५मध्ये तो ग्रंथरूपात मांडला. पिल्लाच्या तिसऱ्या ते साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत त्याच्या मेंदूत जगाची एक यादी तयार होत असते. या काळात जे प्राणी, जी माणसं, जे आवाज त्याला भेटतात ते 'नेहमीचे' ठरतात. पुढे नवं शिकता येत नाही असं नाही, पण वेळ लागतो आणि आधी भीती वाटते. फ्लॅटमध्ये दोन मोठ्या माणसांबरोबर वाढलेल्या कुत्र्याच्या यादीत तान्हं मूल नसतंच. ते चालत नाही, त्याचे हातपाय अचानक झटकले जातात, त्याला दुधाचा आणि तेलाचा वास येतो. आणि ते रडतं.

या रडण्यावर न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठात एक छान प्रयोग झाला. मिन हूई याँग आणि टेड रफमन यांनी २०१४मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात कुत्र्यांना आणि माणसांना तीन आवाज ऐकवले: बाळाचं रडणं, बाळाचं बोबडं बोलणं आणि रेडिओच्या खरखरीसारखा नुसता आवाज. ताण आला की कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक वाढतं, ते लाळेतून मोजता येतं. रडणं ऐकल्यावर माणसांचं कॉर्टिसॉल वाढलं आणि कुत्र्यांचंही वाढलं. बाकीच्या दोन आवाजांनी तसं झालं नाही. म्हणजे रात्री अडीच वाजता बाळ किंचाळतं तेव्हा घरातल्या थकलेल्या माणसांइतकाच कुत्राही आतून हललेला असतो. तो पाळण्याभोवती येरझारा घालतो, भुंकतो, मध्ये मध्ये येतो. आपण त्याला 'मत्सर' म्हणून मोकळे होतो आणि वर ओरडतोही.

इथेच खरी गोम आहे. कुत्रा घटनांची सांगड घालून शिकतो. बाळ खोलीत आलं की आपल्याला बाल्कनीत कोंडतात, बाळ रडलं की आपल्यावर ओरडतात, बाळ झोपलं की मात्र सगळे जवळ घेऊन लाड करतात, असा क्रम आठवडाभर चालला तर कुत्र्याने काय शिकायचं? बाळ असणं वाईट, बाळ नसणं चांगलं. हा धडा आपणच दिलेला असतो, तोही प्रेमापोटी. बाळ झोपल्यावर बिचाऱ्याला वेळ देऊ, असा आपला विचार असतो.

क्रम उलटा करायचा. यामागचं तत्त्व मजेशीर प्रकारे एका मुलावरच्याच प्रयोगातून पुढे आलं. १९२४मध्ये मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी पीटर नावाच्या लहान मुलाची सशाची भीती घालवली. पीटर आवडता खाऊ खात असताना ससा पिंजऱ्यात घालून लांब ठेवायचा आणि तो घाबरणार नाही इतक्या बेताने रोज थोडा जवळ आणायचा. शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला. तेव्हा मूल घाबरलं होतं आणि प्राणी परका होता, आपल्या घरी पात्रं बदलली आहेत इतकंच.

रडण्याची तयारी करायची ती अशी. बाळाच्या रडण्याचं ध्वनिमुद्रण मोबाइलवर लावा, पण इतकं हळू की कुत्र्याचे कान जेमतेम हलतील. आवाज सुरू झाला की लगेच पनीरचा नखाएवढा तुकडा, नाहीतर उकडलेल्या बिनहाडाच्या चिकनचा. आवाज थांबला की खाऊही थांबला. आधी रडणं, मग खाऊ, हा क्रम मोडायचा नाही. खाऊची पिशवी आधी वाजली आणि रडणं नंतर आलं तर कुत्रा उलट खाऊलाच बिचकू लागतो. दोन-तीन मिनिटांत आटपा. दिवसेंदिवस आवाज थोडा थोडा वाढवा, खोल्या बदला. काही दिवसांनी रडणं सुरू होताच तो तुमच्याकडे वळून 'आणा' अशा नजरेने पाहू लागला, की समजा जमलं. त्याने खाणंच सोडलं, धापा टाकू लागला किंवा खोलीतून निघून गेला, तर तुम्ही घाई केलीत. आवाज पुन्हा कमी करा.

याच महिन्यांत त्याला एक सतरंजी द्या आणि 'जागेवर' म्हटलं की तिथे जाऊन बसायला शिकवा. तिथे गेला की खाऊ. पुढे बाळाला मालिश चालू असताना, धुरी देताना, अंगावर पाजताना ही सतरंजी कामाला येते. कुत्रा त्याच खोलीत असतो, शांत असतो आणि त्याला काहीतरी मिळत असतं. फिरायला नेणारं माणूस बदलणार असेल, जेवणाची वेळ सरकणार असेल, तर तो बदल बाळ यायच्या बराच आधी करून टाका, म्हणजे त्याचं खापर बाळावर फुटणार नाही.

बाळंतपण माहेरी असेल तर आणखी एक अडचण. दोन-तीन महिने आई दिसत नाही आणि परत येते ती कुशीत काहीतरी हलणारं, रडणारं घेऊन. मधल्या काळात कुणी ये-जा करत असेल तर बाळाचं वापरलेलं, न धुतलेलं दुपटं मागवून घ्या. माणसाच्या नाकात वास ओळखणारे ग्राही साधारण ५० ते ६० लाख असतात, कुत्र्याच्या नाकात ते कोट्यवधींत मोजावे लागतात. दुपटं जमिनीवर ठेवा, त्याला हवं तितकं हुंगू द्या, मग खाऊ द्या. नाकावर दाबू नका. परत येण्याच्या दिवशी बाळ दुसऱ्या कुणाकडे द्यावं आणि आईने एकटीने आत यावं. इतक्या दिवसांनी भेटल्यावर कुत्रा उड्या मारणारच, त्या मारू द्याव्यात. तो निवला, फिरून आला, की पट्टा लावून बाळाची ओळख, तीही लांबून. बारशाच्या गर्दीत मात्र त्याला आतल्या खोलीत चघळायला काहीतरी देऊन ठेवणंच बरं. आणि बाळंतिणीच्या लाडवांचा डबा वर ठेवा, त्यात बऱ्याचदा मनुके असतात आणि मनुक्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. वापरलेले डायपरही झाकणाच्या बादलीतच टाका. आतलं पाणी शोषणारं जेल पोटात फुगतं.

एक दृश्य आपण मोबाइलवर नेहमी पाहतो. बाळ कुत्र्याच्या अंगावर रेललंय, मुठीत त्याचा कान आहे, आणि घरचे 'किती गोड' म्हणत चित्रीकरण करतायत. पुन्हा कधी असा व्हिडिओ आला तर बाळाकडे न बघता कुत्र्याकडे बघा. समोर खाऊ नसताना जीभ झरकन नाकावर फिरते. झोप आलेली नसताना जांभई येते. मान दुसरीकडे वळलेली, पण डोळे बाळावरच, त्यामुळे कडेचा पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसतो. मग सगळं अंग ताठ होतं आणि धापा टाकणारं तोंड एकदम मिटतं. ब्रिटिश पशुवैद्यक केंडल शेफर्ड यांनी या खुणा शिडीच्या पायऱ्यांसारख्या मांडल्या आहेत. खाली जांभई आणि नाक चाटणं, वर गुरगुरणं, सगळ्यात वर चावा. 'अचानक चावला' असं आपण म्हणतो तेव्हा खालच्या पायऱ्या बहुधा कुणी पाहिलेल्याच नसतात.

म्हणून गुरगुरणाऱ्या कुत्र्याला कधीही मारू नका. गुरगुरणं हा इशारा आहे. मार खाऊन तो गुरगुरणं सोडेल, भीती तशीच राहील आणि पुढच्या वेळी इशाऱ्याची पायरी गाळून थेट चावेल. बाळ उचला, कुत्र्याला वाट द्या आणि काय खटकलं ते शोधा. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात इलाना राइसनर आणि सहकाऱ्यांनी २००७मध्ये मुलांना कुत्रा चावल्याची १११ प्रकरणं तपासली. पूर्वीचा इतिहास माहीत असलेल्या कुत्र्यांपैकी ६६ टक्क्यांनी त्याआधी कुठल्याही मुलाला चावा घेतला नव्हता. निम्म्या कुत्र्यांत दुखण्याखुपण्याची खूण किंवा शंका होती. तेव्हा 'आमचा कधीच काही करत नाही' या भरवशावर दोघांना एकटं सोडू नका, आंघोळीच्या पाण्याचा गॅस बंद करून येण्यापुरतंही नाही. प्रसूतीआधी पशुवैद्याकडून सांधे, कान, दात तपासून घ्या, रेबीजची लस आणि जंताचं औषध वेळेवर द्या. कुत्रा आधी कुणाला चावला असेल तर घरगुती उपायांवर न थांबता वर्तनाची जाण असलेल्या पशुवैद्याला गाठा. लस झालेल्या कुत्र्याचा दात लागला तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवून डॉक्टरांकडे जायचंच.

राइसनर यांच्या त्याच अभ्यासात सहा वर्षांखालच्या मुलांना चावे बसले ते सर्वाधिक वेळा कुत्रा आपलं अन्न किंवा वस्तू राखत असताना. पाळण्यातलं बाळ कुणाच्या ताटलीपर्यंत पोहोचत नाही. म्हणून पहिले सहा महिने सुरळीत जातात आणि घर निर्धास्त होतं. मग बाळ रांगू लागतं. कुत्र्याच्या दृष्टीने हा पुन्हा नवा प्राणी असतो, त्याच्याच उंचीचा, सरळ डोळ्यांत बघत येणारा, त्याची ताटली आणि शेपूट पकडणारा. तेव्हा खरं तर दुसरी तयारी लागते. दाराला लहान फाटक बसवा, जेवण फाटकापलीकडे द्या आणि जिथे बाळ पोहोचणार नाही अशी एक जागा कुत्र्याची म्हणून सोडा. तो तिथे गेला की त्याला कुणीही उठवायचं नाही. मूल जरा मोठं झालं की कुत्र्याकडे धावत जाण्याऐवजी त्याला आपल्याकडे बोलवायला शिकवा. आला तर मुलाचा हात हातात धरून दोन-तीनदा पाठीवरून फिरवायचा आणि थांबायचं. कुत्रा आणखी जवळ सरकला तर पुन्हा, मान वळवली तर आजच्यापुरतं पुरे.