आघाडीची कंपनी आणि उदयोन्मुख कंपनी : क्लीनटेकमधले दोन दाखले नीट वाचू या

चार वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या गच्चीवर ४० किलोवॉटचं सोलर बसवायचं ठरलं, तेव्हा कमिटीपुढे दोन कोटेशनं होती. एक देशभर नाव असलेल्या कंपनीचं, दुसरं पुण्यातल्याच एका नव्या कंपनीचं. नव्या कंपनीकडून आलेला मुलगा हुशार होता, मनापासून बोलत होता. त्याच्या फाइलमध्ये प्लास्टिकच्या कव्हरात एक प्रमाणपत्र होतं : स्वच्छ तंत्रज्ञान (क्लीनटेक) क्षेत्रातली उदयोन्मुख कंपनी. दरही थोडा कमी होता. काम त्याला दिलं.

दुसऱ्या वर्षीच्या एप्रिलमध्ये इन्व्हर्टर बंद पडला. आतलं एक कार्ड जळलं होतं. कार्ड परदेशातून यायचं होतं, आणि कंपनीचा सर्व्हिस इंजिनिअर चार जिल्ह्यांना मिळून एकच होता. ४१ दिवस लागले. एप्रिल-मेचं ऊन, दिवसाला दीडशेच्या आसपास युनिट, म्हणजे जवळजवळ सहा हजार युनिट गेली आणि कॉमन मीटरचं बिल पुन्हा जुन्या आकड्यावर गेलं.

त्या दिवसांत मी ते प्रमाणपत्र पुन्हा काढून वाचलं. ते खोटं नव्हतं. जनरेशनच्या आकड्यांवरून पॅनेलवर किती धूळ बसलीय हे ओळखणारं सॉफ्टवेअर त्या कंपनीने केलं होतं, पुरस्कार त्याला होता. कल्पना खरोखर चांगली आहे, आजही आम्ही तेच ॲप बघून पॅनेल धुऊन घेतो. बिघाड झाला तर कोण येईल, कधी येईल, याबद्दल मात्र त्या कागदावर एक शब्द नव्हता. ते आम्ही आमच्या मनाने वाचलं होतं.

'आघाडीची' आणि 'उदयोन्मुख' हे दोन शब्द बातम्यांत, जाहिरातींत, पुरस्कारांच्या फ्लेक्सवर इतके शेजारी शेजारी येतात की एकाच शिडीच्या या दोन पायऱ्या आहेत असं वाटू लागतं. उदयोन्मुख म्हणजे थोडी लहान आघाडीची, असं. तसं नाही. पहिला शब्द झालेल्या कामाचा हिशेब आहे, दुसरा होऊ शकणाऱ्या कामाचा अंदाज.

जगात गाजलेल्या दोन याद्या शेजारी ठेवल्या की हे स्पष्ट दिसतं. एक 'ग्लोबल क्लीनटेक १००', दुसरी 'ग्लोबल १००'. नावं इतकी सारखी की भल्याभल्यांची गफलत होते. पहिली क्लीनटेक ग्रुप ही संस्था २००९ पासून काढते. तीत यायची अटच अशी की कंपनी खासगी, स्वतंत्र हवी, शेअर बाजारात नोंदलेली नको. जाणकारांचं पॅनेल विचारतं : पुढच्या पाच-दहा वर्षांत कोण फरक पाडेल? दुसरी यादी कॅनडातलं कॉर्पोरेट नाइट्स २००५ पासून काढतं आणि तिची अट बरोबर उलटी. कंपनी शेअर बाजारात हवी, वर्षाची उलाढाल १ अब्ज डॉलरच्या वर हवी. मग प्रदूषण किती, ऊर्जेचा वापर किती, उत्पन्नातला किती भाग स्वच्छ उत्पादनांतून येतो, असे प्रसिद्ध झालेले आकडे तपासले जातात. म्हणजे एकच कंपनी एकाच वर्षी दोन्ही याद्यांत असूच शकत नाही. पहिल्या यादीतली कंपनी शेअर बाजारात उतरली की तिथून तिचं नाव निघतं, आणि यादी काढणारे त्याला अपयश मानत नाहीत.

उदयोन्मुख कंपनीला मिळणारा मान अशा अंदाजावरचा असतो आणि तो असायलाच हवा, नाहीतर नव्या कल्पनेला पहिले पैसे देणार कोण? २०२१ मध्ये पर्यावरणासाठीचे अर्थशॉट पुरस्कार पहिल्यांदा दिले गेले, तेव्हा हवा स्वच्छ करण्याच्या गटात दिल्लीच्या विद्युत मोहन यांच्या 'टकाचार'ला १० लाख पौंड मिळाले. शेतातलं पाचट, काड जाळण्याऐवजी ट्रॅक्टरमागे लावून नेता येणाऱ्या छोट्या यंत्रात घालायचं आणि त्याचं इंधन किंवा खत करायचं, ही त्यांची कल्पना. पंजाब-हरयाणाचा धूर दरवर्षी दिल्लीवर येऊन बसतो, तेव्हा हा पैसा योग्य जागी गेला असं मला मनापासून वाटतं. पण तो पुरस्कार यंत्र गावोगावी पोचावं म्हणून होता. यंत्र गावोगावी पोचलंय असा त्याचा अर्थ नव्हे.

तंत्रज्ञान किती तयार आहे हे सांगायला नासाने एक मोजपट्टी बनवली, १ ते ९ पायऱ्यांची. पहिल्या पायरीवर फक्त तत्त्व माहीत असतं, नवव्या पायरीवर वस्तू प्रत्यक्ष कामात चालून दाखवलेली असते. क्लीनटेकवाले हीच पट्टी वापरतात. तिची मर्यादा इतकीच की वस्तू चालते का, एवढंच ती सांगते. ती हजारोंच्या संख्येने, सारख्या दर्जाची, परवडेल अशा खर्चात बनते का, हा प्रश्न उरतोच. क्लीनटेकमधल्या सगळ्यात मोठ्या पडझडी इथेच झाल्या आहेत.

स्वीडनची नॉर्थव्होल्ट घ्या. २०१६ मध्ये टेस्लातून बाहेर पडलेल्या पीटर कार्लसन यांनी सुरू केलेली. युरोपची स्वतःची बॅटरी बनवायची, तीही उत्तरेकडच्या स्वच्छ विजेवर. कल्पना मोठी होती आणि गरज खरी होती. कर्ज, भांडवल, अनुदान मिळून १५ अब्ज डॉलर उभे राहिले. ऑर्डर ५० अब्ज डॉलरच्या. स्केलेफ्टिओ शहरातल्या कारखान्यातून बॅटरीचा पहिला सेल २०२१ च्या डिसेंबरअखेर बाहेर पडला. तोपर्यंत सगळे तिला 'युरोपातली आघाडीची बॅटरी कंपनी' म्हणू लागले होते.

बॅटरीचा सेल बनतो कसा हे थोडं जवळून बघायला हवं. तांब्याच्या आणि ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांवर काळ्या लगद्याचा थर द्यायचा. तो थर सगळीकडे सारखा हवा. मग वाळवायचा, दाबायचा, कापायचा, गुंडाळायचा किंवा थप्पी लावायची, द्रव भरायचा, आणि पहिलं चार्जिंग सावकाश करायचं. हवेत जरा दमटपणा आला, धातूची एक कणी पडली, की तो सेल भंगारात. प्रयोगशाळेत शंभर सेल उत्तम बनवणारी माणसं कारखान्यात रोजचे हजारो सेल तसेच बनवू शकतील याची खात्री नसते. २०२३ मध्ये नॉर्थव्होल्टचं उत्पादन तिच्या कागदावरच्या क्षमतेच्या १ टक्क्याहूनही कमी होतं. २०२४ च्या जूनमध्ये बीएमडब्ल्यूने २ अब्ज युरोची ऑर्डर काढून घेतली, मार्च २०२५ मध्ये कंपनीने स्वीडनमध्ये दिवाळखोरी जाहीर केली.

त्याच बीएमडब्ल्यूने दशकभर आधी चीनमधल्या एका नव्या कंपनीला काम दिलं होतं. ती सीएटीएल, २०११ मध्ये निंगडे शहरात सुरू झालेली. तीही तेव्हा नवीच. पण तिचे संस्थापक रॉबिन झेंग यांची आधीची कंपनी कित्येक वर्षं मोबाइल आणि इतर उपकरणांच्या बॅटऱ्या बनवत होती. सेल किती वाया जातात आणि का जातात, हे त्यांच्या माणसांना हाताने ठाऊक होतं. आज जगात विकल्या जाणाऱ्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटऱ्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक तिच्या आहेत. दोन्ही एकेकाळी उदयोन्मुख. फरक पडला तो वाया जाणाऱ्या मालाच्या हिशेबात, आणि तो हिशेब कुठल्याच पुरस्काराच्या अर्जात नव्हता.

आता आघाडीच्या कंपनीकडे येऊ. इथे लोक चुकतात ते आकाराकडे बघून. माझ्या मते आघाडी ओळखायची खरी खूण म्हणजे जुन्या यंत्रांचं काय झालं आणि बिघडलं तेव्हा कंपनी कशी वागली.

सुझलॉन आपल्या डोळ्यांसमोरची आहे. तुलसी तांती यांचा कापडाचा धंदा होता. विजेचं बिल परवडेना म्हणून त्यांनी दोन पवनचक्क्या विकत घेतल्या, आणि १९९५ मध्ये पवनचक्क्यांचीच कंपनी काढली. पुण्यात राहून वाढवली. साताऱ्याहून ठोसेघरमार्गे चाळकेवाडीच्या पठारावर गेलं की पवनचक्क्यांच्या रांगा दिसतात. पात्यांचा तो घूं-घूं आवाज, खाली चरणाऱ्या म्हशी, मनोऱ्याच्या दाराशी उभी असलेली देखभालीची जीप. ती जीप मला पात्यांपेक्षा महत्त्वाची वाटते. जागा शोधण्यापासून वीस वर्षं देखभाल करण्यापर्यंत सगळं एकाच हाताखाली, हा सुझलॉनचा धंदा होता. गिरणीवाला, कारखानदार नुसते पैसे गुंतवू शकत होता ते त्यामुळे.

नंतर २००७ मध्ये सुझलॉनने जर्मनीची आरईपॉवर ही पवनचक्क्यांची कंपनी कर्ज काढून विकत घेतली. २००८ मध्ये अमेरिकेत बसवलेल्या यंत्रांची पाती तडकली आणि हजाराहून अधिक पाती मजबूत करून द्यावी लागली. २०१२ मध्ये परदेशी रोख्यांचे पैसे फेडता आले नाहीत. २०१५ मध्ये ती जर्मन कंपनी १ अब्ज युरोला विकली. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये तांती गेले. पुढच्या वर्षी नवं भांडवल उभारून कंपनी कर्जातून जवळपास मोकळी झाली. या सगळ्या काळात देखभालीचा धंदा चालू राहिला. शेअरचा भाव बघणाऱ्याला ती मधली दहा वर्षं बुडालेली कंपनी वाटली असेल. ज्याच्या शेतात किंवा ताळेबंदात तिची पवनचक्की उभी होती त्याला प्रश्न एवढाच होता की जीप येते का.

आणखी एक गुंता आहे आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. 'आघाडीची' हा शब्द कंपनीच्या नावाला चिकटत नाही, तिच्या एका तंत्राला चिकटतो. पुण्याचीच प्राज इंडस्ट्रीज बघा. प्रमोद चौधरी यांनी १९८० च्या दशकात सुरू केलेली. मळीपासून, धान्यापासून इथेनॉल बनवण्याच्या यंत्रसामग्रीत ती निःसंशय आघाडीची. साखरपट्ट्यात डिस्टिलरी चालवणाऱ्या कुणालाही विचारा. पण भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल हे वेगळंच काम आहे. पेंढ्यातली साखर सेल्युलोजमध्ये घट्ट बांधलेली असते. ती आधी वाफेने, रसायनाने सैल करायची, मग विकरांनी (एन्झाइमांनी) तोडायची, आणि तेव्हा कुठे किण्वन सुरू होतं. त्यात माती, वाळू येते, पाइप झिजतात. शिवाय पेंढा वर्षातून काही आठवडेच मिळतो, उरलेलं वर्ष साठवून ठेवायचा.

प्राजने आधी दौंड तालुक्यात प्रात्यक्षिकाचा छोटा प्रकल्प उभारला. त्याच तंत्रावर इंडियन ऑइलचा पानिपतचा प्रकल्प झाला. १० ऑगस्ट २०२२ ला त्याचं उद्घाटन झालं, खर्च ९०० कोटींच्या वर, वर्षाला २ लाख टन पेंढ्यापासून ३ कोटी लिटर इथेनॉल काढण्याचं उद्दिष्ट. म्हणजे चार दशकांचं नाव असलेली कंपनी या एका कामात स्वतःच उदयोन्मुख आहे. तिला मळीच्या अनुभवावर गुण देऊन पेंढ्याचं काम दिलं तर चूक, आणि पेंढ्याच्या अडचणी बघून मळीतलं तिचं स्थान नाकारलं तरी चूक. दौंड ते पानिपत ही मधली पायरी तिने टाळली नाही, हे मात्र तिच्या बाजूने मोजायला हवं.

आघाडीच्या यादीत वरचा नंबर म्हणजे पुढची वर्षं सुखाची, असंही नाही. डेन्मार्कची ऑर्स्टेड २०२० मध्ये त्या ग्लोबल १०० मध्ये पहिली होती. १९९१ मध्ये समुद्रातला जगातला पहिला पवनचक्की प्रकल्प तिच्याच पूर्वजांनी केलेला. कोळसा सोडून वाऱ्याकडे वळलेली कंपनी म्हणून तिचं कौतुक रास्त होतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिने न्यू जर्सीजवळचे दोन मोठे प्रकल्प रद्द केले. व्याजदर वाढले, सुटे भाग वेळेवर येईनात, आणि वीज विकायचा दर आधीच बांधलेला होता. २०२० ची यादी चुकली नव्हती. ती २०२० पर्यंतचंच सांगत होती.

आपल्याकडे मोजलेल्या कामाला मिळणारा मान बघायचा तर राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन पुरस्कार आहेत. १९९१ पासून १४ डिसेंबरला दिले जातात. त्यासाठी कारखान्याने खरोखर किती ऊर्जा वाचवली त्याचे आकडे द्यावे लागतात. अशा दाखल्याला आणि 'नवी कल्पना' म्हणून मिळालेल्या दाखल्याला एकाच भिंतीवर लावलं तरी वाचताना वेगळं वाचायचं.

गेल्या महिन्यात सोसायटीत लिफ्ट आणि पाण्याच्या पंपासाठी बॅटरी स्टोरेज घ्यायचा विषय आला. पुन्हा दोन कोटेशनं, पुन्हा एक मोठं नाव, एक नवं. या वेळी आम्ही दोघांना वेगवेगळे प्रश्न दिले. मोठ्या कंपनीला विचारलं : हेच मॉडेल, दुसरं नाही, किती ठिकाणी तीन वर्षांहून जास्त चाललंय, आणि पुण्यात तुमची किती माणसं पगारावर आहेत? नव्या कंपनीला विचारलं : सेल कुणाचे, तुमचं स्वतःचं काय, सुटे भाग पुण्यात कुठे ठेवता, आणि उद्या कंपनी राहिली नाही तर कंट्रोलरचा पासवर्ड आणि ड्रॉइंग आमच्याकडे असेल का?

मोठ्या कंपनीचं उत्तर अजून आलेलं नाही. नव्या कंपनीच्या मुलीने दुसऱ्याच दिवशी उत्तर पाठवलं. सेल बाहेरचे, कंट्रोलर त्यांचा, ड्रॉइंग द्यायला तयार, आणि तीन वर्षं चाललेलं एकही मशीन नाही, सगळ्यात जुनं चौदा महिन्यांचं, कोथरूडच्या एका सोसायटीत. तिथल्या सेक्रेटरींना मी फोन केला. ते म्हणाले, "फोनवर काय सांगू, या की, मीटर रूम उघडून देतो, लॉगबुकही बघा." रविवारी सकाळी खजिनदार आणि मी जाणार आहोत.