नालबंद
नालबंद म्हणजे घोड्याचे खूर कापून, घासून त्याला नाल ठोकणारा कारागीर. नाल हा शब्द मूळ अरबी, तिकडे त्याचा अर्थ पायताण, आणि बंद फारसीतून आलाय. शिवकाळात पागेत दर २५ घोड्यांमागे एक पखालजी (पखालीतून पाणी आणणारा) आणि एक नालबंद असायचा, आणि मराठेशाहीत मोहिमेआधी शिलेदारांना, म्हणजे स्वतःचा घोडा आणणाऱ्या स्वारांना, जी आगाऊ रक्कम द्यायचे तिचं नावच नालबंदी.

लोकांना वाटतं याचं काम ठोकायचं, पण खरी करामत त्याच्या आधीची. खूर आपल्या नखासारखाच असतो, महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढतो. डांबरी रस्त्यावर किंवा दगडात ओझं घेऊन चालणाऱ्या घोड्याचा तो वाढीपेक्षा जास्त झिजतो म्हणून नाल मारतात, पण नाल मारली की झीजच थांबते, मग नाल चांगली असली तरी दर ४ ते ६ आठवड्यांनी ती काढायची, खूर कापायचा आणि परत बसवायची. पैसे वाचवायला मालक नेमकं हेच टाळतात, खूर पुढून लांब होतो, घोडा अडखळायला लागतो आणि हाल त्या मुक्या जनावराचे.

नालबंद खांद्यापासून हात फिरवत खाली आणतो, घोड्याच्या शेपटीकडे तोंड करून पुढचा पाय उचलतो आणि आपल्या दोन गुडघ्यांत धरतो. मेलेला थर चाकूने काढायचा, कानशीने तळ सपाट करायचा, मधली त्रिकोणी मऊ गादी उगाच छाटायची नाही. तळाच्या कडेला एक फिकट रेघ दिसते, खिळा तिच्या बाहेरूनच गेला पाहिजे, आत घुसला की घोडा लंगडलाच. खिळ्याचं टोक एका बाजूने तासलेलं असतं, ती बाजू आत ठेवली की खिळा वळून खुराच्या भिंतीतून बाहेर निघतो. मुरलेला माणूस कानाने काम करतो, खिळा टणक भागात चालला असेल तर आवाज कडक येतो, तोच मधेच बद्द झाला तर लगेच उपसायचा. बाहेर आलेलं टोक पिळून तोडतात, उरलेलं वाकवून दाबतात. नाल तापवून खुरावर टेकवली की धूर होतो, केस जळाल्यासारखा वास येतो, पण तिथे संवेदना नसल्याने नीट केलं तर घोड्याला दुखत नाही.

शिकायचं कसं? आपल्याकडे बहुतेक जण बापाकडे किंवा उस्तादाकडेच शिकतात. आधी घोडा धरायचा, मग जुनी नाल काढायची, मग कानस, आणि खिळा हातात यायला बराच वेळ जातो, तो जाऊ द्यावा. लष्करात रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरचं मेरठला ट्रेनिंग सेंटर आहे. ब्रूक इंडिया ही संस्था कष्टाच्या घोड्या-गाढवांसाठी काम करते आणि गावोगावच्या नालबंदांना शिकवते. ब्रिटनमध्ये १९७५ च्या कायद्याने नोंदणी नसलेल्या माणसाने घोड्याला नाल मारणं गुन्हा आहे आणि नोंदणीआधी साधारण ४ वर्षं कोणाच्या हाताखाली शिकत उमेदवारी करावी लागते. आपल्याकडे कोणीही हातोडी उचलतो, हे मला साफ चुकीचं वाटतं, किमान परीक्षा तरी हवीच.

काम मिळतं रेसकोर्सवर (तिथे हलकी अॅल्युमिनियमची नाल असते), रायडिंग क्लबात, आणि माथेरानला, कारण गावात गाड्यांना बंदी असल्याने तिथे घोडे भरपूर. मुंबईतलं काम मात्र कमी झालं, २०१५ मध्ये हायकोर्टाने व्हिक्टोरिया, म्हणजे तिथल्या घोडागाड्या, बंद करायला सांगितल्या.

ग्रामीण भागात दुसरं मोठं काम बैलांचं, त्याला पत्री मारणं म्हणतात. बैलाचा खूर दुभंगलेला म्हणून एका पायाला दोन पत्र्या लागतात, आणि बैल घोड्यासारखा तीन पायांवर निवांत उभा राहत नाही, त्यामुळे त्याला दोरांनी पाडून चारही पाय बांधतात. ऊसतोडीच्या सीझनला गाडीचे बैल डांबरी रस्त्यावर असतात, तेव्हा पत्री मारणाऱ्याला उसंत नसते.